बारा ते पाच: नागपूरच्या उन्हाळ्यात पोट्ट्यांना गुंतवायचं कसं, तेही स्वस्तात

पुण्याची नणंद जूनच्या मध्यात शाळेच्या गेटवरचा फोटो पाठवते, नवीन दप्तर, नवीन रेनकोट, आणि आमच्याकडे तेव्हाही पोट्टे घरीच लोळून राहिलेले असतात. विदर्भातल्या शाळा जून संपत आला की उघडतात, कारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यातही इथलं ऊन कोणाला सोडत नाही. कारण एकदम बरोबर आहे, माझं काही म्हणणं नाही, फक्त त्या जास्तीच्या दिवसांत लेकरांना कोण गुंतवणार हे कोणत्याच जीआरमध्ये लिहिलेलं नसतं.

माझे दोन आहेत, थोरला आठचा, धाकटी पाचची, आणि खालच्या मजल्यावर जाऊबाईंचे दोघं, म्हणजे दुपारी घरात चार जण धरा. एप्रिल लागला की व्हॉट्सॅपवर समर कॅम्पच्या पत्रिका सुरू होतात, दोन आठवड्यांचे चार-पाच हजार, त्यात डान्स, क्राफ्ट आणि बिनगॅसचा स्वयंपाक. चांगले असतील ते, वाईट म्हणत नाही मी, पण वेळ बघा की हो त्यांची, सकाळी साडेसात ते दहा! त्या वेळेत पोट्टे तसेही बाहेर हुंदडतच असतात, फुकट. खरी कत्तलीची वेळ म्हणजे दुपारी बारा ते पाच, ती आपल्याच गळ्यात राहते. त्यामुळे आमच्याकडे ठरलं की पैसा आणि डोकं दोन्ही लावायचं तर या पाच तासांवर लावायचं, बाकी दिवस आपोआप निघतो.

सकाळचं पटकन सांगून टाकते. साडेपाचला उठवायचं (उठतात, शाळेला उठत नाहीत पण सुट्टीत उठतात, कोणत्याही आईला विचारा), सायकली काढायच्या, कधी अंबाझरी, कधी सेमिनरी हिल्स, कधी नुसतं कॉलनीचं मैदान, आणि साडेआठच्या आत घरात. त्यानंतर बाहेर नाही म्हणजे नाही. सासूबाई खिशात कांदा ठेवायला लावतात, त्याने ऊन लागत नाही म्हणतात, मी त्या भानगडीत पडत नाही, मी पाण्याची बाटली आणि डोक्याला दुपट्टा बघते, त्या कांदा बघतात, लेकरू दोन्हीकडून सुरक्षित.

आता दुपार.

मी बघितलं की खेळणं आणून दिलं की ते दोन दिवस पुरतं, पण घरातलं खरं काम दिलं, म्हणजे मोठे लोक करतात ते, ज्याचा शेवटी काहीतरी उपयोग होतो, तर त्यात पोट्टे तासन्‌तास राहतात. खोटं काम त्यांना लगेच कळतं. "जा रे, ते डबे मोजून ये" असं उगाच पाठवलं की धाकटी विचारते, कशाला? आणि उत्तर नसलं की ती जात नाही.

तर पहिलं खरं काम कूलर. माळ्यावरून उतरवून टाकी घासायची, जुनं गवत काढायचं, जाळ्या धुवायच्या, नवीन गवत दाबून बसवायचं, यात आमची एक अख्खी सुट्टीची सकाळ आणि अर्धी दुपार जाते आणि चौघंही नखशिखांत ओले होतात, जे त्यांना हवंच असतं. थोरल्याने यंदा विचारलं की मुंबईच्या मावशीकडे कूलर काहून नाही. मग दोन सारख्या बाटल्या घेतल्या, दोन्हीत माठाच्या शेजारच्या बादलीतलं पाणी भरलं, एकीला त्याचाच जुना मोजा चढवून भिजवला आणि दोन्ही बाटल्या सावलीत, खिडकीच्या झळेत ठेवल्या. तासाभराने मोज्यातल्या बाटलीचं पाणी चांगलं गार आणि दुसरीचं कोमटच. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, माठ तेच करतो, कूलर तेच करतो, आणि इथली हवा मे महिन्यात कोरडी ठणठणीत असल्याने पाणी झपाट्याने उडतं, मुंबईच्या दमट हवेत ते नीट उडतच नाही तर गार काय होणार. त्यानंतर आठवडाभर घरात कोणाचाही मोजा सापडत नव्हता, सगळे बाटल्यांवर.

पण इथे एक गोष्ट जोरात सांगते. कूलरचा प्लग काढल्याशिवाय पाणी भरायचं नाही, हात लावायचा नाही, आणि चालू कूलरजवळ पोट्टे ओल्या पायांनी जाणार नाहीत हे घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. शॉक लागून जीव जातात, दर उन्हाळ्यात पेपरात येतं. आमच्याकडे प्लग मोठा माणूस काढतो, तो हातात धरून दाखवतो, मगच पाइप येतो.

दुसरं खरं काम म्हणजे वाळवण, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण माझ्या मते उन्हाळ्यात लेकरांना गुंतवायचा याच्याहून स्वस्त प्रकार दुसरा नाही आणि वर्षभराच्या कुरडया मिळतात ते वेगळंच. शहरातल्या बऱ्याच घरांत आता विकत आणतात, तीनशे-चारशे रुपये मोजून. आमच्या सासूबाई अजून करतात आणि मी आधी नाक मुरडायची, आता नाही मुरडत, कारण गहू भिजवले की तिथून पाच दिवसांचा कार्यक्रम पोट्ट्यांना लागतो. तीन दिवस गहू भिजत ठेवायचे, रोज पाणी बदलायचं, हे पाणी बदलायचं काम धाकटीचं. तिसऱ्या दिवशी त्याला असा आंबूस वास सुटतो की चौघं नाक धरून पळतात आणि पुन्हा वास घ्यायला परत येतात. मग मिक्सरमध्ये वाटून, पाणी घालून, कपड्यातून पिळून चीक काढायचा, पिळायला थोरला, त्याचे हात कोपरापर्यंत पांढरे. रात्रभर पातेलं हलवायचं नाही, सकाळी बघायचं तर खाली घट्ट पांढरा थर आणि वर पिवळट पाणी. कोणी हलवलं नाही तरी हे वेगळं कसं झालं यावर त्यांची चर्चा झाली, मी मध्ये पडले नाही.

वरचं पाणी ओतून चीक शिजवायला घेतला की मात्र पोट्टे स्वयंपाकघराच्या बाहेर, ते उकळतं प्रकरण आहे, अंगावर उडालं तर चिकटून भाजतं. शिजल्यावर पहिली वाटी त्यांची, गरम चीक, वर तूप आणि साखर. मोठ्यांना मिठाचा, कच्चं तेल घालून. मग सूर्य वर यायच्या आत गच्चीवर, प्लास्टिक अंथरायचं, चार कोपऱ्यांना चार विटा, सासूबाई सोऱ्या फिरवतात आणि पोट्टे पुढच्या कुरडईची जागा बोटाने दाखवतात. धाकटीने एक कुरडई स्वतः घातली, ती कुरडई कमी आणि गांडुळांचं भांडण जास्त दिसत होती, पण ती वेगळी ठेवली आहे, दिवाळीला तळायची असं फर्मान आहे.

यातली सगळ्यात लांब ड्युटी राखणीची. कावळे आणि खारी. जिन्याच्या सावलीत बसायचं, हातात काठी, आणि कावळा आला की हाकलायचं, पाळी अर्ध्या अर्ध्या तासाची, साडेनऊ वाजले की बंद, त्यानंतर कुरडया इतक्या कडक होतात की वरून एक जुनी साडी टाकली तरी चालते. संध्याकाळी सोडवायला पुन्हा सगळे वर. तुटलेल्या कुरडयांचा चुरा हा राखणदारांचा पगार, तो त्यांनी न तळताच खाल्ला.

चिंच फोडायचं पण असंच आहे. वर्षाची चिंच घेतली की टरफलं आणि चिंचोके काढायचे, हात चिकट होतात, पण चिंचोके पोट्ट्यांचे. ते फोडून अर्धे केले की एक बाजू काळी एक पांढरी, झाले फासे. फरशीवर खडूने पाच बाय पाचचा चौरस आणि अष्टा-चंगा सुरू. सगळ्या पांढऱ्या वर आल्या की चार, सगळ्या काळ्या आल्या की आठ. आमच्याकडे हा डाव अकरा वाजता मांडला की जेवणापर्यंत चालतो आणि मारामारी होते ती मारामारीसुद्धा वेळ घालवते. याच्या जोडीला राजा-मंत्री-चोर-शिपाई, गुलामचोर, बदाम सात, हे तुम्हाला माहीतच आहे, कागद आणि पत्त्यांचा एक कॅट एवढाच खर्च. बिल्लस (खडूने चौकोन आखून लंगडी घालत खेळतात ते) मात्र संध्याकाळी अंगणात, दुपारी फरशीवर खेळले की खालून जाऊबाई वर येतात.

आता एक गोष्ट जी मी स्वतः यंदाच केली आणि ज्याने खरंच दुपारी वाचवल्या. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची वालट्यूब. वालट्यूब म्हणजे सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी, सायकलच्या दुकानात फुटावर मिळते, वीस रुपयांत ढीगभर. हा उद्योग अरविंद गुप्तांचा, आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, १९७८ च्या सुमाराला मध्य प्रदेशात होशंगाबादकडे खेड्यातल्या शाळांसोबत काम करताना त्यांनी हे सुरू केलं, आणि त्यांच्या वेबसाइटवर अशी शेकडो खेळणी फुकट आहेत, मराठीतही आहे बरंच काही. काड्यांचं गुल आधी मोठ्या माणसाने कापून टाकायचं. मग नळीचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे, एका तुकड्यात दोन बाजूंनी दोन काड्या घुसवल्या की झाला सांधा.

तीन काड्या तीन सांधे, त्रिकोण. चार काड्या चार सांधे, चौकोन. थोरल्याने चौकोन हातात धरून दाबला तर तो लगेच वाकडा झाला, पतंगासारखा. त्रिकोण दाबला, काही होईना. पुन्हा दाबला, काडी मोडली पण त्रिकोण वाकला नाही. मग मोठ्या सुईने नळीला भोक पाडून तिसरी काडी आडवी घातली की तीन काड्यांचा सांधा होतो, त्यातून पिरॅमिड, घर, मनोरा, आणि घर डुगडुगलं की कुठे तिरपी काडी टाकायची ते त्यांचं त्यांना कळायला लागलं. मी शेजारी बसून शेंगा निवडत होते, एक शब्द बोलले नाही. संध्याकाळी थोरला कूलरच्या लोखंडी स्टँडकडे बघून म्हणे, आई, याला पण तिरप्या पट्ट्या आहेत.

त्याच आठवड्यात आम्ही मेट्रोने गेलो, कारण मेट्रो म्हणजे नागपूरकरांसाठी दुपारची सर्वात स्वस्त एसी. खरंच सांगते, मॉलमध्ये नेलं की आइस्क्रीम, गेमझोन, हजार रुपये कुठे गेले कळत नाही, मेट्रोत तेवढ्या वेळात तिकिटाशिवाय खर्च नाही आणि खिडकी मिळाली की पोट्टे खूश. लोकमान्यनगरकडच्या लाइनवर अंबाझरी तलाव वरून दिसतो. पण आमच्या घरात हिट झाली ती ऑरेंज लाइन, सीताबर्डीवरून कडबी चौकाकडे. मध्ये गड्डीगोदामला खाली रस्ता, त्याच्यावर रेल्वे, त्याच्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर आपण, असे चार मजले आहेत, आणि तो पूल लोखंडी, तिरप्या पट्ट्यांचा. "आई त्रिकोण! सगळे त्रिकोण!" अख्ख्या डब्याने आमच्याकडे बघितलं.

कडबी चौकाजवळ मोतीबागेत रेल्वेचं नॅरोगेज म्युझियम आहे, तिथे आम्ही ऊन उतरल्यावर गेलो. वाफेची जुनी इंजिनं, डबे, छोटी गाडी पोट्ट्यांना फिरवायला, आणि तिकीट किरकोळ. सासूबाईंची शिवणाची टेप सोबत घेतली होती, रूळ मोजले, अडीच फूट. घरी येऊन दुसऱ्या दिवशी फरशीवर खडूने अडीच फूट आणि मोठ्या रेल्वेचे साडेपाच फूट असे दोन रूळ आखले आणि दुपारभर त्यावर खुर्च्यांच्या गाड्या. सासूबाईंनी छिंदवाड्याला छोट्या गाडीने जायच्या गोष्टी सांगितल्या, गाडी इतकी हळू की उतरून सोबत चालावं म्हणे, यात किती खरं किती मीठमसाला ते त्यांनाच माहीत. सिव्हिल लाइन्सला अजब बंगला पण आहे, १८६३ चं म्युझियम, पेंढा भरलेले प्राणी आणि जुनी हत्यारं, पाच ते दहा वयाच्या पोट्ट्यांना हे दोन्ही प्रकार प्रचंड आवडतात, सोमवार सोडून जा. रमण सायन्स सेंटर चांगलंच आहे पण सुट्टीत गर्दी फार, आम्ही ते जूनवर ढकलतो.

नवतपा लागला की, म्हणजे पंचवीस मेच्या आसपास सूर्य रोहिणीत गेला की, आम्ही कुठेच जात नाही. नऊ दिवस घर म्हणजे घर. पण त्यातच एक फुकटचा खेळ आहे जो बऱ्याच जणांना माहीत नाही. सव्वीस मेच्या सुमाराला नागपुरात दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली गायब होते. रोज बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो असं आपण समजतो पण तसं नाही, आपल्याकडे तो वर्षात दोनच दिवस असतो, दुसरा जुलैमध्ये, तेव्हा ढग. पुण्यात हेच मेच्या मध्याला होऊन जातं, म्हणून नणंदेच्या मुलाने आधी व्हिडिओ कॉलवर दाखवलं आणि आमच्यावाल्यांना वाट बघायला लावली, तेवढे दिवस रोज बारा-दहाला काठीची सावली खडूने मोजणं चालू. त्या दिवशी चपला घालून, डोकं झाकून, मोजून पाच मिनिटं गच्चीवर. स्टीलचा ग्लास उपडा ठेवला, सावली नाही. बाटली ठेवली, नाही. धाकटी जागच्या जागी उड्या मारून बघत होती की सावली पायाखालून निघते का, आणि प्रत्येक उडीला थोडीशी निघायची आणि पुन्हा आत.

रात्री गच्ची. सहा-साडेसहाला पाण्याचा सडा मारायचा (फरशीतून वाफ निघते ती बघायला पण गर्दी), गाद्या नऊनंतर. मे महिन्यात सप्तर्षी वरच असतात, त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे नेली की स्वाती, अजून पुढे नेली की चित्रा, एवढं शिकवलं की झालं, उशिरा पूर्व-दक्षिणेला वृश्चिक राशीचा विंचू निघतो, तो तर न शिकवता दिसतो. ॲप नको, त्यासाठी मोबाइल वर आणला की तारे राहतात आणि यूट्यूब सुरू होतं.

मोबाइलचं विचारलंच तर, आमच्याकडे टीव्ही दुपारी एक तास, जेवणानंतर, सगळ्यांना मिळून एकच काय ते लावायचं, आणि तोही लागतोच मला, कारण त्या तासात मी डोळे मिटते. वाचणाऱ्या वयाच्या पोट्ट्यांसाठी बालभारतीचं किशोर मासिक बघा, १९७१ पासून निघतं आणि जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवले आहेत, मी त्यातली कोडी वहीत उतरवून देते म्हणजे स्क्रीन हातात द्यावी लागत नाही.

खायचं-प्यायचं वेगळं लिहायला नको, पन्हं, मठ्ठा, टरबूज, आणि कुल्फीच्या साच्यात पन्हं जमवून केलेली घरची पेप्सी. दुकानातल्या दोन रुपयांच्या पेप्सीपेक्षा चांगली लागते असं माझं मत आहे, पोट्ट्यांचं मत वेगळं आहे.

शेवटी सगळ्यात कामाची युक्ती म्हणजे आम्ही चार घरांनी पाळ्या लावल्या. मी, जाऊबाई, समोरच्या काकू आणि मागच्या गल्लीतली एक मैत्रीण. आठवड्यातले चार दिवस, एका दुपारी सगळे पोट्टे एकाच घरी, बाकी तिघी मोकळ्या. ज्या घरी पाळी तिथे एकच कूलर चालतो, त्यामुळे बिल पण वाचतं, आणि दहा पोट्टे एकत्र असले की त्यांना गुंतवायला आपण लागतच नाही, फक्त रडण्याचा आवाज कोणत्या प्रकारचा आहे तेवढं ऐकायचं. खायला काय द्यायचं यावर आधीच ठरलं होतं, पोहे, चिवडा, टरबूज यापलीकडे कोणी जायचं नाही, म्हणजे चढाओढ नको. तर समोरच्या काकूंनी परवा मॅगी केली. दहा वाट्या. आता सगळ्यांना रोज काकूंच्याच घरी जायचं आहे, आणि जाऊबाईंनी ग्रुपवर असा ठराव टाकलाय की मॅगी चारही घरांत बंद, नाहीतर चारही घरांत चालू. मतदान उद्या आहे. काकूंनी अजून मेसेज वाचलेला नाही.